संचारबंदीतला संसार : खानदेशातील अनुभव

दंगलीची बातमी मृत आणि जखमींच्या आकड्यांवर संपते. त्याच गावात दूध, औषध आणि मजुरी यांचे काय झाले, हे सहसा कोणी विचारत नाही. खानदेशातील वाचकांनी ते येथे लिहावे. दोष कोणाचा, हा वाद मात्र कृपया आणू नये. त्यासाठी चौकशी आयोग असतात.

जळगाव, निवृत्त शिक्षक
८ मे १९७० रोजी जळगावात दंगल उसळली, तेव्हा मी शाळकरी होतो. आदल्या दिवशीच्या भिवंडीच्या दंगलीची कुजबुज मोठ्या माणसांत चालली होती. उन्हाळ्यात आमचे सारे घर धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, झोपत असे; त्या रात्रीपासून उकाड्यातही दारे लावून आत झोपावे लागले, आणि आईने वाळत घातलेले ज्वारीचे बिबडे (पापड) वरच राहिले. वारा सुटला की त्यांचा खडखडाट खाली ऐकू येई आणि आजी दचकून विचारी, "कोन शे?" पुढे मादन आयोगाने भिवंडी, जळगाव आणि महाड येथील दंगलींची चौकशी केली.

धुळे, गृहिणी
६ जानेवारी २०१३, रविवार. मच्छी बाजार परिसरात उपाहारगृहाच्या बिलावरून सुरू झालेले भांडण दंगलीपर्यंत गेले आणि पोलिसांच्या गोळीबारात सहा जण मृत्युमुखी पडले, हे आम्हाला नंतर समजले. आधी दिसले ते एवढेच, की आग्रा रोडवर एका दुकानाचे शटर खाली आले आणि कारण न विचारता शेजारचीही धडाधड खाली येत गेली. कळण्याचे (ज्वारी-उडदाचे) पीठ आणि वांगी घरात होती, त्यामुळे मोठ्यांचे भागले. सासऱ्यांचे इन्सुलिन मात्र संपत आले होते. संचारबंदी शिथिल झाली की औषध दुकानासमोर एवढी रांग लागे, की पोलिसांची शिट्टी वाजली तरी आमच्या यांचा नंबर आलेला नसे. अखेर दुकानदाराने मागच्या दाराने कुपी दिली आणि पैशांचे नंतर पाहू म्हणाला. सर्वांत जास्त दमवले ते फोनने : सुरत-नाशिकचे नातेवाईक आमच्याच गल्लीची बातमी आम्हाला सांगत, आणि ती खोटी आहे हे पाहण्यासाठी खिडकी किलकिली करावी लागे.

धुळे, यंत्रमाग कामगार
वर रांगेचा उल्लेख आला आहे. आमच्याकडे रांगेत उभे राहण्यापुरतेही पैसे नव्हते. जेवढे कापड निघेल तेवढी मजुरी, त्यामुळे माग बंद म्हणजे आठवडा कोरा. किराणावाल्याने वहीवर दिलेली उधारी उन्हाळ्यापर्यंत फिटली नाही.

अमळनेर तालुका, शेतकरी
जून २०२३ मध्ये अमळनेरला संचारबंदी लागली ती ऐन कपाशी लागवडीच्या तोंडावर. मी बियाण्याची पाकिटे पारोळ्याहून आणली. भाचीला पाहायला येणाऱ्या पाहुण्यांनी मात्र बेत रद्द केला आणि "तुमच्याकडे नेहमीच असे असते का?" असे विचारले. साने गुरुजी येथेच प्रताप हायस्कुलात शिकवत होते, हे मामांनी त्यांना फोनवर सांगून पाहिले. पाहुणे काही आले नाहीत.