कावळा बसला म्हणून फांदी तुटली?

तर्कवेडी:
तर्काच्या परीक्षेत ठरलेला प्रश्न असतो. न्याहारी करणाऱ्या मुलांना गुण जास्त मिळतात, म्हणून न्याहारीमुळे गुण वाढतात. यात चूक कुठे? उत्तर सोपं आहे, दोन्हींमागे घरची सुबत्ता असू शकते. पण परीक्षेबाहेर आपण हेच विसरतो याचा मला खरंच त्रास होतो. रजोनिवृत्तीनंतर संप्रेरकं घेणाऱ्या स्त्रियांना हृदयविकार कमी होतो, असं निरीक्षणांत वर्षानुवर्षं दिसत होतं. मग अमेरिकेत १६,६०८ स्त्रियांचे दोन गट पाडले, कोण कुठे हे नशिबावर सोडलं आणि एकाच गटाला खरी गोळी दिली. धोका कमी व्हायच्या ऐवजी किंचित वाढलेला दिसला. २००२मध्ये ती चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली.

साशंक:
उदाहरण दिसतं तितकं सरळ नाही. चाचणीतल्या स्त्रियांचं सरासरी वय ६३ होतं. निरीक्षणांतल्या बहुतेकींनी गोळ्या बऱ्याच आधी, पाळी थांबण्याच्या सुमारास सुरू केल्या होत्या. म्हणजे फरक वयाचाही असेल.
आणि मला जास्त भीती उलट चुकीची वाटते. 'सहसंबंध, म्हणजे दोन गोष्टी सोबत दिसणं, हे कारण नव्हे' म्हटलं की वाद संपला, असं लोक धरून चालतात. १९५०मध्ये डॉल आणि हिल या ब्रिटिश संशोधकांनी धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवला. रोनाल्ड फिशर म्हणजे संख्याशास्त्रातला केवढा माणूस! तोही म्हणत राहिला की एखादा जनुकच सिगारेटची ओढ आणि कर्करोग दोन्ही देत असेल. माणसांना वीस वर्षं सिगारेट ओढायला लावून चाचणी कोण घेणार होतं?

तर्कवेडी:
पण फिशरची शंका तर्काला धरूनच होती ना? तिसरं कारण शक्य होतंच.

साशंक:
शक्य होतं, पण ते पुरेसं मोठं हवं. १९५९मध्ये संख्याशास्त्रज्ञ कॉर्नफिल्ड आणि सहकाऱ्यांनी हिशोब मांडला: ओढणाऱ्यांना धोका नऊपट असेल आणि तो सगळा जनुकाच्या माथी मारायचा असेल, तर तो जनुक ओढणाऱ्यांत निदान नऊपट जास्त आढळायला हवा. असा जनुक कुणी दाखवला नाही.

तर्कवेडी:
हे पटलं. तिसरं कारण सुचवणाऱ्यानेही आकडा द्यायला हवा. न्याहारीच्या प्रश्नात मात्र कुठलाच आकडा दिलेला नसतो, म्हणून तिथे माझं उत्तर 'निष्कर्ष सिद्ध होत नाही' हेच राहील. 'निष्कर्ष खोटा आहे' हा पर्याय मी निवडणार नाही.