केनियाची जीएम बंदी: मंत्रिमंडळात शास्त्रज्ञाला खुर्ची हवी का?

चौकस (धागालेखक):
नोव्हेंबर २०१२ मध्ये केनियाच्या मंत्रिमंडळाने जीएम, म्हणजे जनुकीय बदल केलेल्या, अन्नाच्या आयातीवर बंदी घातली. निमित्त फ्रान्समधले शास्त्रज्ञ सेरालिनी यांच्या प्रयोगाचं. जीएम मका खाऊन उंदरांना गाठी झाल्या म्हणे! एकेका गटात उंदीर दहाच, आणि जात अशी की वय झालं की तिला एरवीही गाठी होतात. पुढच्या वर्षी नियतकालिकाने तो लेख मागे घेतला. बंदी मात्र उठली ऑक्टोबर २०२२ मध्ये, दुष्काळाने नाकात दम आणल्यावर. उंदीर किती होते, हे बैठकीत तिथल्या तिथे विचारणारं कुणीतरी नको का? आफ्रिकी सरकारांनी विज्ञान सल्लागाराला मंत्रिमंडळात बसवावं.

मुद्दाम_विरोधी:
बसवलं की झालं? दक्षिण आफ्रिकेत तेव्हाचे अध्यक्ष म्बेकींनी २००० साली एड्सवर सल्लागार मंडळ नेमलंच होतं. त्यात घेतले कोण, तर एचआयव्हीमुळे एड्स होतो हेच न मानणारे शास्त्रज्ञ ड्यूसबर्ग. त्याच वर्षी, एड्स एचआयव्हीमुळेच होतो असं ठणकावणाऱ्या डर्बन जाहीरनाम्यावर ५,००० हून जास्त शास्त्रज्ञांनी सह्या केल्या, सरकार ढिम्म. गरोदर बायांना सरकारी दवाखान्यांत सरसकट नेव्हिरापिन (बाळाला एचआयव्हीची लागण टाळणारं औषध) द्या, हे सांगायला २००२ मध्ये घटना न्यायालय लागलं. सल्लागार निवडणार कोण, ते आधी बोला.

चौकस:
ते मंडळ अध्यक्षांच्या मर्जीचं. मी कायद्याने नेमलेल्या, ठरावीक मुदतीच्या पदाबद्दल बोलतोय. उगाच गल्लत नको.

जालनेकर:
कायद्याचं कौतुक सांगू नका राव. केनियात २००९ च्या कायद्याने जैवसुरक्षा प्राधिकरण होतंच, तरी बंदी आलीच ना? आमच्या जालन्याच्या महिको बियाणं कंपनीच्या बीटी वांग्याचंही (किडीला तोंड देणारं जीएम वांगं) तेच. २००९ मध्ये सरकारी समितीची मंजुरी, फेब्रुवारी २०१० मध्ये मंत्र्यांची स्थगिती. मला तो निर्णय आजही पटत नाही. पण तेव्हाचे पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी जाहीर सुनावण्या घेतल्या, कारणं लिहून छापली. त्या कागदावर बोट ठेवून भांडता येतं. सल्ला झुगारायचा तर खुशाल झुगारा, पण का ते लेखी द्या. माझ्या मते खुर्चीपेक्षा ही सक्ती महत्त्वाची.

बांधावरून:
जालनेकरांशी अर्धा सहमत. बियाणं कुणाच्या मालकीचं, पैसा कुणाकडे जाणार, हे उंदीर मोजून कळत नाही. बंदी उठल्यावर केनियातल्या छोट्या शेतकऱ्यांची संघटना कोर्टात गेली. त्यांना बैठकीत कुठली खुर्ची?

चौकस:
त्यांना संसद आहे, कोर्ट आहे. दहा उंदरांचा हिशेब मात्र कुणीच मागितला नाही. लेखी कारणाचं मान्य, पण ते लिहिण्याआधी कुणीतरी प्रश्न विचारायला हवा.

मुद्दाम_विरोधी:
विचारेल की. पुढच्या फेरबदलात घरी जाईल.