लिंडाला किती ठाऊक असतं? 'डेथ ऑफ अ सेल्समन'च्या वाचनासाठी सल्ला हवा

दुसरीघंटा:
नमस्कार. आमचा सात-आठ जणांचा गट पुढच्या महिन्यात आर्थर मिलरच्या या नाटकाचं अभिवाचन करतोय. माझ्याकडे लिंडा आहे, फिरता विक्रेता असलेल्या विलीची बायको. विली फुशारक्या मारतो, त्यांचा धाकटा मुलगा हॅपी थापा मारतो, ते वाचताना अडत नाही. मी लिंडापाशी अडकते. दोन तालमींत तिला भाबडी, सोसणारी बायको म्हणून वाचलं आणि दोन्ही वेळा ती पोकळ वाटली. तिला सगळं कळत असतं का? कुठला प्रसंग आधी धरू?

प्रकाशझोत:
हिशेबाचा धरा. पहिल्या अंकात, विलीच्या आठवणीतला. दौऱ्यावरून आल्या आल्या तो 1200 ग्रोस (एक ग्रोस म्हणजे बारा डझन) माल विकल्याचं सांगतो. लिंडा पेन्सिल घेऊन कमिशन काढते, 212 डॉलर. मग तो चाचरायला लागतो. आकडा घसरत 200 ग्रोसवर येतो आणि कमिशन उरतं 70 डॉलर. 'मघाशी तर वेगळंच सांगितलंत' असं ती एकदाही म्हणत नाही. उलट त्याचं कौतुक करते आणि लगेच फ्रिज, वॉशिंग मशीन, छप्पर अशी देणी वाचते. ती 120 च्या आसपास जातात. आकडे भराभर म्हणू नका. कागदावर लिहायला लागतो तेवढा वेळ प्रत्येक आकड्याला द्या.

नेपथ्य_आणि_मी:
मी आणखी पुढे जाईन. विली शेजारच्या चार्लीकडून आठवड्याला 50 डॉलर उसने आणतो आणि पगार म्हणून तिच्या हातावर ठेवतो. तिला ते माहीत आहे, मुलांना ती स्वतः सांगते. तळघरातल्या रबरी नळीचंही तसंच. विलीनं गॅसनं जीव द्यायला लपवलेली ती नळी ती दिवसा काढून घेते आणि तो घरी यायच्या आत होती तिथे ठेवते, त्याचा अपमान होऊ नये म्हणून. हे प्रेम आहेच, पण मला त्यात तिचा दोषही दिसतो. या घरात दहा मिनिटंही कुणी खरं बोललं नाही असं थोरला मुलगा बिफ शेवटी ओरडतो, तेव्हा त्यात आईही येते. ते ऐकताना तुमची लिंडा नुसती रडकी नको.

सायली_कोपरा:
ताई, माझ्या घरचं सांगते. बाबांची नोकरी गेल्यावर सात महिने ते रोज डबा घेऊन निघायचे. आईला तिसऱ्याच दिवशी कळलं होतं. ती काही बोलली नाही, डब्यात एक पोळी जास्त ठेवायला लागली. आम्हा मुलांना 'बाबा दमून येतात, दंगा नको' म्हणायची, ते अगदी रोजच्या आवाजात. तो रोजचा आवाज शोधा.

वऱ्हाडी_प्रेक्षक:
जोडीला महेश एलकुंचवारांचं 'वाडा चिरेबंदी' हे नाटक वाचाच. घरात पैसा नाही, ट्रॅक्टर गंजत पडलाय, तरी तेराव्याचं जेवण त्यातल्या देशपांडे घराण्याच्या इतमामाला शोभेल असंच व्हायला हवं. न बोललेलं कसं ऐकू येतं ते तिथे आपल्या भाषेत सापडेल.

दुसरीघंटा:
सगळ्यांचे मनापासून आभार. सायली, तुमच्या आईंची पोळी वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. काल हिशेबाचा प्रसंग खरी पेन्सिल आणि कागद घेऊन वाचला. 70 वर आल्यावर मी मान वर केली नाही. विली वाचणारा दादा आपोआप थांबला. नळीच्या वाक्यापाशी मी एक उसासा घालत होते, तो काढून टाकलाय. बिफचा स्फोट अजून बाकी आहे, रविवारी बसतोय.