अनुभव धागा: नेपाळची मिशन ट्रिप, बालगृहाची भेट आणि काठमांडू-पोखरा दर्शन

सर्वांना सलाम. दिवाळीच्या सुट्टीत युवक संघाचा गट नेपाळला न्यायचा विचार असणाऱ्या चर्चच्या मंडळ्यांसाठी हा धागा. ज्यांनी गट नेले आहेत किंवा मुलांच्या क्षेत्रात काम केलं आहे, त्यांनी नेमकी माहिती लिहावी. बालगृहाच्या भेटीबद्दल मोकळेपणाने लिहा, कारण कार्यक्रमपत्रिकेत ती सहज घातली जाते आणि तिचाच विचार सर्वांत कमी होतो.

गटाची कागदपत्रं पाहणारे, पुणे

विमानाने जायचं तर पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं. आधार फक्त 15 वर्षांखालच्या आणि 65 वर्षांवरच्या लोकांना चालतं. 15 ते 18 वयोगटासाठी मुख्याध्यापकांनी ठरावीक नमुन्यात दिलेला दाखला घ्या. गट अडकतो तो 18-20 वर्षांच्या मुलांपाशी. त्यांच्याकडे पासपोर्ट नसतो, मतदार यादीत नाव नसतं आणि विमानतळावर खिशातून आधार निघतं. तिकिटं काढण्याआधी प्रत्येकाचं ओळखपत्र प्रत्यक्ष पाहा.

भारतीय 100 रुपयांचे नेपाळी 160 होतात, हा दर बांधलेला आहे. शंभराच्या नोटा बिनधास्त न्या. दुकानात भाव सांगितला की 'आयसी की एनसी?' हे आधी विचारा, म्हणजे भारतीय की नेपाळी. फोनपेचा (Fonepay, हे नेपाळचं पेमेंट जाळं, आपलं PhonePe नव्हे) क्यूआर असलेल्या बऱ्याच दुकानांत आपलं यूपीआय चालतं.

पाळकीय कामातले, अहिल्यानगर

नेपाळच्या राज्यघटनेच्या कलम 26 नुसार दुसऱ्याचं धर्मांतर करायला मनाई आहे. 2017 च्या फौजदारी संहितेत त्यासाठी 5 वर्षांपर्यंत कैद आणि 50,000 रुपयांपर्यंत दंड आहे. परदेशी माणसाला शिक्षा भोगून झाल्यावर 7 दिवसांत देशाबाहेर काढतात. म्हणून धर्मप्रचाराच्या पत्रिका वाटू नका आणि बालगृहात सुवार्तेचा चित्रपट दाखवू नका. तिथल्या सभेचे फोटो फेसबुकवर टाकणंही टाळा. आपण आठवड्याने घरी येतो, चौकशी मागे राहिलेल्या स्थानिक पाळकांची होते.

उपासना शनिवारी असते, कारण सुट्टी शनिवारी. चपला बाहेर काढायच्या, बैठक जमिनीवर, अनेक ठिकाणी स्त्री-पुरुष वेगवेगळ्या बाजूला. अभिवादन 'जय मसीह'.

बालसंरक्षणातल्या कार्यकर्त्या, नाशिक

मी जरा सविस्तर लिहिते. नेपाळच्या बालगृहांतल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील, काहींचे दोघेही, हयात असतात. ही गृहं दाटलेली आहेत ती काठमांडू, ललितपूर, भक्तपूर, कास्की (पोखरा याच जिल्ह्यात) आणि चितवन या मोजक्या जिल्ह्यांत. पर्यटकही तिथेच येतात. 1996 ते 2006 च्या माओवादी संघर्षाच्या काळात हुम्लासारख्या दुर्गम जिल्ह्यांतून दलालांनी 'शहरात शिकवतो' म्हणून पालकांकडून पैसे घेऊन मुलं आणली. काहींच्या आईवडिलांच्या मृत्यूचे खोटे कागद केले. पाहुण्यांच्या देणग्या येत राहिल्या, तशी खाटा भरलेल्या ठेवायची गरजही राहिली. डिसेंबर 2019 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने बालहक्कांच्या ठरावात याची दखल घेतली.

जाण्याआधी संस्थेला फोनवर विचारा: नोंदणीचं नूतनीकरण कधी झालं? किती मुलांचे पालक हयात आहेत? आणि सर्वांत महत्त्वाचं, दसैंला, म्हणजे त्यांच्या दसऱ्याला, किती मुलं घरी जातात? मुलांना कुटुंबाशी जोडून ठेवणारी संस्था या प्रश्नाचं उत्तर लगेच देते. आपली दिवाळी म्हणजे त्यांचा तिहार. भाईटीकेच्या (भाऊबीजेच्या) दिवशी गृह पाहुण्यांसाठी खचाखच भरलेलं आणि मुलं नाचाच्या पोशाखात उभी असतील, तर तिथे पैसे देऊ नका. पूर्वसूचनेशिवाय आत घेणारी, मुलांना आपल्याबरोबर फिरायला पाठवणारी जागाही टाळा.

तीन वर्षांचं मूल अनोळखी माणसाच्या मांडीवर धावत येऊन बसतं, गळ्यात हात टाकतं, सोडत नाही. गटाला वाटतं, किती प्रेमळ! घरात वाढणारं त्या वयाचं मूल आधी आईच्या मागे लपतं. माणसं सतत येऊन निघून गेली की मूल कोणालाही बिलगायला शिकतं. म्हणून लहान मुलांच्या खोलीत जाऊच नये.

भेट द्यायचीच असेल तर चार-पाच मोठी माणसं, शाळेच्या वेळात, तासभर, व्यवस्थापक आणि काळजी घेणाऱ्या दीदींना भेटायला. मुलांचे फोटो नकोत, 'आईबाबा कुठे आहेत?' नको, 'पुन्हा येऊ' तर अजिबात नको. वस्तूंची यादी त्यांच्याकडून मागवा आणि तांदूळ, मसूर, तेल, वह्या तिथल्याच बाजारात संस्थेच्या नावे बिल करून घ्या. जुने कपडे नेऊ नका, ते कोठीत पडून राहतात. चॉकलेटं हातोहात वाटली की शेवटच्या चार मुलांना पुरत नाहीत आणि आपण गेल्यावर भांडणं होतात. रोख रक्कम नको, संस्थेच्या खात्यात भरून पावती घ्या.

सहलींचं नियोजन करणारे, वसई

बालगृह आणि स्थलदर्शन एकाच दिवशी ठेवू नका. स्वयंभू स्तूप झाला, मग मुलं, मग ठमेलच्या बाजारात खरेदी, असा दिवस आखला की मुलंही पाहायची जागा होतात.

पाटण आणि भक्तपूरच्या दरबार चौकांत सार्क देशांच्या नागरिकांना तिकीट कमी दरात मिळतं, ओळखपत्र जवळ हवं. पशुपतिनाथाच्या मुख्य मंदिरात फक्त हिंदूंना प्रवेश. इतरांनी बागमतीच्या पूर्व काठावरून पाहावं आणि चितांचे फोटो काढू नयेत. बौद्धनाथला प्रदक्षिणा स्तूप उजव्या हाताला ठेवून.

काठमांडू ते पोखरा साधारण 200 किलोमीटर, पण बसने सात-आठ तास धरा. पावसाळ्यात दरडींमुळे रस्ता बंदही पडतो. विमान अर्ध्या तासाच्या आत पोहोचवतं, जाताना उजवीकडची खिडकी मागा, हिमशिखरं त्या बाजूला दिसतात. पोखऱ्याजवळच्या सारंगकोट टेकडीवरचा सूर्योदय ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये स्वच्छ दिसतो.

बालगृहाच्या माजी अधीक्षक, सोलापूर

नाशिकच्या ताईंशी पूर्ण सहमत. आपल्याकडेही क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत दरमहा 2,250 रुपये मिळतात, ते मूल नातेवाइकांकडे घरीच वाढावं म्हणून. नेपाळसाठी जमवलेला निधीही असाच वापरता येतो. मुलांना घरी परत पोहोचवणाऱ्या संस्थेला विचारून एका कुटुंबाचा वर्षभराचा शाळेचा खर्च उचला. त्याचा हिशेब मात्र दर तीन महिन्यांनी मागवा.