‘तास वाजे’ : नक्की काय वाजे?

प्रश्न : ‘घटका गेली, पळे गेली, तास वाजे’ हे वचन आजीकडून ऐकत आलोय. घटका-पळं सरली हे कळतं. पण तास वाजतो म्हणजे काय? ‘पाच वाजले’ म्हणतो तसंच का?

प्रतिसाद : नाही, इथे वाजणारी वस्तू खरीच आहे. तास म्हणजे टांगलेली धातूची जाड थाळी, जिच्यावर वेळेचे टोल देत. शब्द फारसीतून आला. तिकडे ‘तास’ म्हणजे वाडगा, थाळी. आपला ताशाही त्याच घरचा. थाळीचं नाव पुढे टोलांमधल्या अवधीला चिकटलं आणि थाळी विस्मरणात गेली.

प्रतिसाद : टोल कधी द्यायचा हे ठरे घटिकापात्रावरून. तळाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्यात तरंगत सोडायची. ती भरून बुडाली की एक घटका, म्हणजे आजची २४ मिनिटं. दिवसरात्रीत अशा ६० घटका, आणि घटकेची ६० पळं.

मला यातली युक्ती फार आवडते. भांड्यातून पाणी गळू देऊन वेळ मोजायची, तर पातळी उतरेल तशी धार मंदावते आणि माप चुकतं. बुडणारी वाटी प्रत्येक वेळी रिकामीपासूनच सुरू होते, त्यामुळे हा घोळ उरतच नाही. सूर्यसिद्धांत या जुन्या संस्कृत ज्योतिषग्रंथात हेच ‘कपालक’ यंत्र आहे, आणि पाणी ‘अमल’ म्हणजे स्वच्छ हवं असं तिथे स्पष्ट म्हटलंय. साहजिकच आहे, छिद्रात कचरा अडकला की घटका लांबली!

प्रतिसाद : बाबराने हिंदुस्थानात पाहिलेली हीच व्यवस्था बारकाईने लिहून ठेवलीय. दोन बोटं जाडीची पितळी थाळी, तिचं नाव घडियाल. ती वाजवणारे घडियाली. रात्री जाग आलेल्या माणसाला घटकेचे टोल ऐकू येत, पण प्रहर कुठला ते कळत नसे. म्हणून घटकेचे टोल झाल्यावर जरा थांबून प्रहराचेही टोल द्यावेत, असा हुकूम त्याने काढला. आपलं ‘घड्याळ’ याच घडियालाचं भावंड. काटे नंतर आले, नाव आधीपासून होतं.

प्रश्न : मग ‘त्याची घटका भरली’ आणि ‘पापाचा घडा भरला’ एकच का?

प्रतिसाद : नाही, आणि हल्ली लिहिताना यांची सरमिसळ होते. घडा भरतो तो पापांनी, आणि त्यात दोष माणसाचा. घटका भरते ती वेळेने. कुणा सज्जनाचीही भरते. लग्नात गुरुजी घंगाळात घटिकापात्र सोडून बसत, तेव्हाही ‘घटका भरत आली, नवरीला आणा’ असंच म्हणत. त्यात अशुभ काही नव्हतं. मृत्यूच्या अर्थाने लिहायचं तर ‘घटका भरली’ किंवा ‘शेवटच्या घटका मोजतोय’ म्हणावं, घडा तिथे आणू नये.