शाल-श्रीफळाच्या पुढे

कोणीतरी म्हणालंय की माजी सैनिकांचा सत्कार म्हणजे युद्धाचा उदोउदो. मला हे पटत नाही. पण सत्कार उरकला की कर्तव्य संपलं, हे तर मुळीच पटत नाही. इंदूरला महूची लष्करी छावणी लागूनच, त्यामुळे निवृत्त फौजी आमच्या गल्लोगल्ली. शेजारचे सुभेदारकाका १९७१च्या लढाईतले, तोफांच्या आवाजाने कान गेलेले. १६ डिसेंबरला, विजय दिवसाला, त्यांना स्टेजवर बसवतात. भाषणं ऐकूच येत नाहीत. नोव्हेंबरात पेन्शनला लागणाऱ्या हयातीच्या दाखल्यासाठी मशीनवर बोट टेकवतात, तर झिजलेले ठसे उमटत नाहीत. तेव्हा सोबत कोण असतं? १९४९पासून ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन पाळतात. त्यासाठी गोळा होणारा निधी माजी सैनिक, वीरपत्नींसाठी असतो. युद्धविरोधकांनीही त्यात जरूर हातभार लावावा.