व्हिडिओ गेममुळे कल्पनाशक्ती फुलते की खुंटते?

प्रश्न

माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे. दीड वर्षापूर्वीपर्यंत तो रोज रात्री झोपण्यापूर्वी स्वतः रचलेली गोष्ट सांगत असे. त्या गोष्टींतला एक लंगडा घोडा तर आमच्या घरातलाच झाला होता. तो कधी समुद्र पोहून जाई, कधी कोणाच्या खिशात मावे, आणि हे कसे घडले याचे उत्तर मुलाकडे दर वेळी नवे असे. आता तो व्हिडिओ गेम खेळतो आणि गोष्ट सांग म्हटले की नायकाला तीन 'लाइफ' मिळतात, एकामागून एक 'लेव्हल' पार होतात, शेवटी एक मोठा शत्रू येतो आणि तो मेला की गोष्ट संपते. घोड्याचे काय झाले असे मी विचारले, तेव्हा "तो आता लागत नाही" एवढेच तो म्हणाला. ते मनाला लागून राहिले आहे.

डोळे, झोप, अभ्यास यांवरचे परिणाम मला ठाऊक आहेत, त्यामुळे कृपया चर्चा कल्पनाशक्तीपुरतीच ठेवावी. सगळी चित्रे आयती मिळाल्यामुळे मुलाचे मन स्वतः चित्र रंगवायचे विसरते का? की गोष्टीचे रूप बदलले आहे आणि मीच जुन्या रूपाला धरून बसले आहे?

प्रतिसाद १

मी अनेक वर्षे याच वयाच्या मुलांना भाषा शिकवते. मुलांच्या गोष्टी नेहमीच उसन्या सामानावर उभ्या असतात. पूर्वीच्या मुलांच्या वह्यांत राजा, राक्षस आणि सात समुद्र असत. तेही त्यांनी कुठून तरी घेतलेलेच होते. म्हणून गोष्टीत 'लेव्हल' आल्याची मला काळजी वाटत नाही. घेतलेल्या सामानाची मोडतोड करण्याची इच्छा मुलाला होते की नाही, हे मी पाहते.

एकदा वर्गात मी विचारले होते की, ज्या दिवशी नायक लढायला येत नाही, त्या दिवशी तो शेवटचा शत्रू काय करतो? बरीच मुले गप्प बसली. मात्र एरवी चार ओळींवर न जाणाऱ्या एका मुलाने पानभर लिहिले: शत्रू सकाळी उठून किल्ला झाडतो, कारण पाहुण्यासमोर धूळ दिसायला नको, आणि संध्याकाळी आज कोणी आले नाही म्हणून दिवा लवकर मालवतो. हा मुलगा भरपूर गेम खेळणारा होता.

तरीही एक गोष्ट मला खरोखर खटकते. कल्पना करायला रिकामपण लागते, आणि अनेक गेम ते क्षणभरही मिळू देत नाहीत. दर काही सेकंदांनी करायला काहीतरी समोर येते, बक्षीस मिळते, पुढचे दार उघडते. तुमचा घोडा झोपेपूर्वीच्या रिकाम्या वेळात जन्मला होता. तो वेळ आता कशाने भरतो, एवढे तपासून पाहावे.

प्रतिसाद २

मी गेमच्या प्रोग्रामिंगचे काम करतो. 'गेम' हा एकच शब्द वापरल्यामुळे या चर्चेत गोंधळ होतो, असे मला वाटते.

१९८४ साली तयार झालेल्या टेट्रिस या गेममध्ये वरून खाली पडणारे, चार-चार चौकोनांचे फक्त सात आकार आहेत. २००० साली 'सायन्स' या नियतकालिकात रॉबर्ट स्टिकगोल्ड आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. टेट्रिस खेळलेल्या लोकांना झोप लागता लागता ते आकार वरून खाली पडताना दिसत होते. विशेष म्हणजे स्मृतिभ्रंश झालेल्या ज्या रुग्णांना आपण हा गेम खेळलो हेही आठवत नव्हते, त्यांच्यापैकी काहींनाही ते दिसले. गेमची चित्रे मनात घर करतात ही तुमची शंका निराधार नाही.

पण दुसऱ्या टोकाला १९७० च्या दशकातले केवळ मजकुरावर चालणारे साहसी गेम होते, ज्यांत एकही चित्र नसे. गुहा, दिवा, खोल दरी हे सारे खेळणाऱ्याने मनातच उभे करायचे असे. आणि काही गेम बांधायला देतात. विल राइट यांनी १९८४ साली बाँबफेकीचा एक गेम केला होता. तो करताना शत्रूची बेटे उडवण्यापेक्षा ती रचण्यात त्यांना अधिक गोडी वाटली, आणि त्यातूनच १९८९ साली शहर वसवण्याचा 'सिमसिटी' हा गेम जन्माला आला.

संशोधनाचे म्हणाल, तर अमेरिकेतल्या आयोवा राज्य विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग मला महत्त्वाचा वाटतो. माइनक्राफ्ट हा ठोकळे रचून जग बांधण्याचा गेम मोकळेपणाने खेळलेल्यांनी त्यानंतरच्या सर्जनशीलतेच्या कामात सरस कामगिरी केली; तोच गेम 'सर्जनशीलतेने खेळा' अशी सूचना मिळालेल्यांना मात्र तसा लाभ झाला नाही. म्हणून मुलाला असा बांधण्याचा गेम दिलात, तर शेजारी बसून सूचना देऊ नयेत.

आणखी एक गोष्ट. शिगेरू मियामोतो यांच्या 'झेल्डा'मागे लहानपणी त्यांनी धुंडाळलेली राने आणि गुहा आहेत. सातोशी ताजिरी यांच्या 'पोकेमॉन'मागे कीटक गोळा करण्याचा छंद आहे. उत्तम गेमचे बी पडद्याबाहेर रुजलेले असते.

प्रतिसाद ३

वरच्या मताशी मी पूर्णपणे सहमत नाही. प्रयोगात थोडा वेळ खेळल्यानंतर लगेच मोजमाप होते. वर्षानुवर्षे खेळण्याने काय होते, याचे उत्तर त्यातून मिळत नाही. मी वयाच्या नवव्या वर्षापासून रोज खेळत आलो आहे. आज कोणी 'जंगल' म्हटले की माझ्या डोळ्यांसमोर एका जुन्या गेममधलेच जंगल येते, त्यात ठरावीक अंतरावर तेच ते झाड उभे असते, आणि खरी जंगले पाहूनही ते हललेले नाही. त्या गेमने मला पुष्कळ आनंद दिला, हे मी नाकारत नाही. पण ती जागा माझ्या स्वतःच्या जंगलाची होती, आणि तिथे दुसऱ्याचे जंगल लहानपणीच येऊन बसले.

मूळ प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. पहिल्या प्रतिसादातला शत्रूचा प्रश्न मी काल रात्री दिवा मालवल्यावर विचारला. मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला की, त्या शत्रूच्या खोलीला आतून दारच नाही, कारण गेम करणाऱ्याने ते काढलेच नाही. म्हणून नायक येत नाही तेव्हा तो चमच्याने भिंत पोखरतो, आणि कोणी आले की त्या भोकापुढे पाठ करून उभा राहतो. पलीकडे काय आहे असे मी विचारले, तर ते अजून पोखरून झालेले नाही असे उत्तर मिळाले. घोड्याविषयी मी काही बोलले नाही.

जंगलाविषयीचा प्रतिसाद वाचून मात्र मी अस्वस्थ झाले आहे. त्यामुळे झोपण्यापूर्वीचा एक तास पडदा बंद ठेवायचा, असे आम्ही दोघांनी मिळून ठरवले आहे. प्रोग्रामिंग करणाऱ्या सदस्यांना एक विचारायचे आहे: स्वतःची खोली, भिंती आणि दारे रचता येतील असा, अकरा वर्षांच्या मुलाला एकट्याने शिकता येण्याजोगा सोपा गेम कोणता?